परमुलखातली बाळंतीण आणि तिच्या उशाशी आपण: डूला, नर्सताई, आया, शेजारणी, सगळ्यांचे अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने हा धागा काढायचं मनात होतं पण लिहायला बसलं की फोन वाजतो आणि कुणाच्या तरी कळा सुरू झालेल्या असतात. काल रात्रीचं एक बाळंतपण आटपून पहाटे घरी आले, झोप लागत नाहीये, म्हणून आता लिहूनच टाकते.

मी पुण्यात सात वर्षं डूला म्हणून काम करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डूला म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही आणि सुईणही नाही. मी आतून तपासत नाही, औषध देत नाही, बाळ झेलत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगावर प्यायला लागेपर्यंत त्या बाईला सोडून कुठे जायचं नाही, कंबर दाबायची, घोट घोट पाणी पाजायचं, कूस बदलायला लावायची, काय चाललंय ते तिला कळेल असं सांगायचं, एवढंच माझं काम. शब्द मूळचा ग्रीक आहे, अर्थ सेवा करणारी दासी.

पहिली तीनेक वर्षं सगळ्या आपल्याकडच्याच होत्या, कोथरूड, सिंहगड रोड, धनकवडी. आई आणि सासू बाहेर बाकावर बसलेल्या, पिशवीत थर्मास, कुणीतरी अथर्वशीर्ष म्हणतंय. तिथे मला फार काही विचारावं लागायचं नाही कारण त्यांचं घर म्हणजे माझंच घर. नंतर हळूहळू वेगळ्या बायका यायला लागल्या. कोंढव्यात राहणाऱ्या अफगाण आणि येमेनी विद्यार्थ्यांच्या बायका, तळेगाव-चाकण-रांजणगावच्या कंपन्यांमुळे आलेल्या कोरियन आणि जपानी, आणि आमचा चार-पाच जणींचा एक गट आहे तो पैसे न घेता बांधकामाच्या साइटवरच्या बायकांसोबत जातो, त्यात छत्तीसगड, बिहार, ओडिशा.

तर पहिलीच अफगाण मुलगी. नवरा इथे पीएचडीला, माहेर हेरातला, आईला व्हिसा मिळाला नाही. मला दरी भाषेचा एक शब्द येत नव्हता, तिला सिनेमे बघून थोडं हिंदी कळायचं. मी माझी नेहमीची पिशवी घेऊन गेले, गरम पाण्याची रबरी पिशवी, तिळाचं तेल, जुनी सुती साडी, छोटा स्पीकर. लेबर रूममधले दिवे मंद करून घेतले, बासरी लावली, आणि कळ आली की मी ओंकार सुरू करायचे, कारण आपल्याकडच्या गर्भसंस्कार वर्गांमध्ये तेच शिकवतात आणि त्याचा उपयोग होतो हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत बघितलंय, खालच्या पट्टीत लांब आवाज काढला की जबडा सुटतो आणि जबडा सुटला की खालचं अंगही सैल सोडता येतं. तिने दोनदा माझ्यासोबत म्हटलं. मग तोंड भिंतीकडे केलं आणि ओठ मिटून घेतले. मला वाटलं दमलीये, म्हणून मी आणखी जवळ जाऊन आणखी मायेने म्हणत राहिले.

बाळंतपण नीट झालं, मुलगा झाला. बारा-तेरा दिवसांनी बघायला गेले तेव्हा नवऱ्याच्या चुलत बहिणीने, तिला हिंदी चांगलं येत होतं, फार अदबीने सांगितलं की ही मनातल्या मनात दुआ म्हणत होती आणि तुमचा आवाज मध्ये येत होता, दर वेळी हिला पहिल्यापासून सुरू करायला लागत होतं. मी म्हटलं, अगं मग मला थांबवलं का नाही, तर ती बाळंतीण म्हणाली, ही बाई माझ्यासाठी रात्रभर उभी राहिली, तिला गप्प बस कसं म्हणू.

रिक्षात बसल्यावर मला रडू आवरलं नाही. तिच्या माहेरची जागा भरायला म्हणून मी गेले होते आणि त्या जागेवर माझं माहेर मांडून बसले होते. माझी बासरी, माझा मंद दिवा, माझा ओंकार. हे सगळं सगळ्यांनाच चालतं असं मी धरून चालले होते, कारण मला ते कधी टोचलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट बदलली. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यात घरी जाते, चहा होतो, आणि एकच विचारते, तू आत्ता तुझ्या गावी असतीस तर तुझ्या उशाशी कोण असतं, आणि ती हाताने काय करत असती? पहिल्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर येतं आई, आजी, मोठी बहीण. दुसऱ्या अर्ध्याला खरी गंमत आहे, कारण ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून बायका करून दाखवतात. एका येमेनी बाईने उठून माझ्याच पाठीवर दाखवलं, मुठीने नाही, तळहाताच्या खालच्या भागाने, माकडहाडाच्या वर दाबून धरायचं आणि कळ ओसरेपर्यंत हात उचलायचा नाही. एकीने सांगितलं, आई काहीच करत नाही, पायाशी बसते आणि पाऊल धरून ठेवते, बास. मग त्या रात्री मी फक्त पाऊल धरून बसले, चार तास. माझे हात सारखे कंबरेकडे जात होते, मी ते मागे घेत होते.

आणि एक, या सगळ्याची यादी करून ठेवू नका, म्हणजे अफगाण बायकांना असं लागतं, जपान्यांना तसं. पुढची अफगाण बाई मला म्हणाली मला एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, पाहिजे, पहिल्या कळेपासून पाहिजे, आणि तिने फोनवर नाचायची गाणी लावली होती. ती काबूलची, शिकलेली, दुआ-बिआ नंतर बघू म्हणाली. तिच्या गावाचं नाव मला कळलं म्हणजे ती मला कळली असं नाही.

तुम्ही परक्या ठिकाणी बाळंत झाला असाल, किंवा परक्या बाईजवळ थांबला असाल, तर लिहा ना. चुका पण लिहा.

नागोयाची_पुणेकर

ताई, तुमचं ते पाऊल धरून बसणं वाचून थांबले जरा.

मी उलट्या बाजूची. माझी मोठी मुलगी जपानमध्ये झाली. आईचं तिकीट काढलेलं होतं पण मी अठरा दिवस आधीच बाळंत झाले. तिकडे सुईणीला जोसानशी म्हणतात, चांगलं शिक्षण घेतलेल्या, लायसन्स असलेल्या असतात त्या. आणि गंमत म्हणजे त्यांच्यातही माहेरी बाळंतपणाला जायची पद्धत आहे, सातोगाएरी म्हणतात, त्यामुळे तुझं माहेर कुठे, आई येतेय का, हे पहिल्याच भेटीत विचारलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मी जिथे होते तिथे आजूबाजूच्या खोल्यांतून आवाजच यायचा नाही. मी दात दाबून पडले होते, एकदा जोरात आई गं निघालं तर लगेच माफी मागितली. त्या बाई माझ्यापेक्षा वयाने लहान असतील, त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि खुणेने तोंड उघड म्हणाल्या, आवाज कर, चालेल. मग दर कळेनंतर जोउज़ु, जोउज़ु म्हणायच्या, म्हणजे छान जमतंय. भाषेचं म्हणाल तर तो एक शब्द मला पुरला.

एक युक्ती सांगते, तिकडे सगळ्यांना माहीत असलेली आहे. जोर द्यावासा वाटतो पण गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसतं तेव्हा त्या टेनिसचा चेंडू घेऊन खालून, बसायच्या जागेशी, घट्ट दाबून धरतात. तो दाब इतका बरा वाटतो की ते सांगूनही कळणार नाही. आणि पायात लोकरीचे मोजे. पाय गार पडू द्यायचे नाहीत याबद्दल त्या आपल्या आज्यांइतक्याच कडक.

निघताना एवढीशी लाकडी डबी दिली, त्यात मुलीच्या नाळेचा वाळलेला तुकडा. तिकडे तो जपून ठेवतात. माझ्या आईला आधी कसंतरी वाटलं, नंतर तिनेच ती डबी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली, अजून तिथेच आहे, सदाशिव पेठेत.

अंगणातली_तुळस

रानजाई, त्या पहिल्या मुलीला नंतर परत भेटलात का? मला तिचीच काळजी लागून राहिलीये.

सिस्टर_मावशी

मी सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत स्टाफ नर्स, त्यातली बरीचशी वर्षं प्रसूतिगृहात. टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

डूला वगैरे आमच्याकडे नाही. एका रात्रीत सात-आठ बाळंतपणं आणि आम्ही दोघी. कुणाच्या जवळ बसून राहायची इच्छा असते पण पाय एका जागी ठरत नाहीत. त्यामुळे बाई ओरडली की गप्प बस म्हणायची सवय पडून जाते, मलाही पडली होती, खोटं का बोलू.

एकदा साइटवरची बाई आली, छत्तीसगडची, पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची असेल. नवरा बाहेर. ती रात्रभर दाई, ओ दाई, दाई वो असं ओरडत होती. आमच्या आयाबाई मोठ्या प्रेमळ, त्यांना वाटलं ही मला हाक मारतेय, कारण आपल्याकडे दाई म्हणजे सुईण किंवा आया. त्या दर वेळी जायच्या, आले गं, इथेच आहे मी, काय पाहिजे, पाणी पाहिजे का, कंबर चोळायच्या, पुन्हा कामाला यायच्या, पुन्हा हाक, पुन्हा जायच्या. पहाटे पहाटे तर त्या तिथेच बसल्या, म्हणाल्या सिस्टर, ही मला सोडतच नाही. साडेपाचला बाई मोकळी झाली, मुलगी, टाकाही लागला नाही.

सकाळी नवऱ्याला मी म्हटलं, तुमची बायको रात्रभर दाईला बोलवत होती. तो म्हणाला, दाई म्हणजे आमच्यात आई. तिची आई तीन वर्षांपूर्वी वारली.

आयाबाईंना सांगितलं तर त्या काही बोलल्याच नाहीत. ड्युटी संपली तरी गेल्या नाहीत, त्या मुलीसाठी घरून मऊ भात करून आणला. त्या आता रिटायर झाल्या.

तेव्हापासून मी दर वेळी शब्द विचारून घेते. बंजारा बाई याडी म्हणते, ओडिशाची बोउ म्हणते, कानडी अव्वा किंवा अम्मा. आत घेतानाच विचारायचं, आईला काय म्हणतेस गं? कागदावर लिहून ठेवते. ओरडण्यात तो शब्द ऐकू आला की समजायचं आता जवळ जायला पाहिजे.

अजून एक. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई थांबू द्यावी असं केंद्राचं धोरण आहे, पण ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असं त्यात म्हटलंय. साइटवरच्या बाईसोबत येते ती सोळा वर्षांची नणंद. ती कशी चालणार. मग ती बाई एकटीच आत. हे कुणीतरी बघायला पाहिजे.

बाणेरवासी

सगळं वाचलं, मनापासून लिहिलंय, पण मला एक शंका आहे आणि ती स्पष्टच विचारतो. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं गावच्या सुईणीने केली, बदल्यात शेर-दोन शेर धान्य आणि लुगडं. आता त्याच कामाला इंग्रजी नाव देऊन हजारो रुपये घेतले जातात असं नाही का वाटत? आणि परदेशी लोकांना परवडतं म्हणून त्यांच्याकडे जायचं. ज्या बाईला खरी गरज आहे तिच्यापर्यंत हे पोचतच नाही.

रानजाई

बाणेरवासी, शंका रास्त आहे, राग अजिबात नाही.

पैशाचं खरं आहे. मी फी घेते, त्यावर माझं घर चालतं, आणि साइटवरच्या बायकांसोबत बिनपैशाने जाते ते महिन्यातून जेमतेम दोनदा जमतं. हे पुरेसं नाही हे मलाही दिसतं. सिस्टर मावशींनी लिहिलंय ते बघता प्रत्येक प्रसूतिगृहात रात्री फक्त सोबतीसाठी एक पगारी बाई असावी असं माझं ठाम मत आहे.

पण काम तेच नाही हो. तुमच्या आजीची सुईण बाळ झेलायची, नाळ कापायची, वार पडेपर्यंत थांबायची. ते सगळं आता डॉक्टर आणि नर्स करतात आणि त्यांनीच करावं. सुईण आणखी एक काम करायची ते म्हणजे रात्रभर शेजारी बसायची, आणि तिला तुमच्या आजीचं सगळं घराणं माहीत असायचं, कुणाला कसं बोललेलं चालतं ते माहीत असायचं. हॉस्पिटलं आली तेव्हा बाळ झेलण्याचं काम आत गेलं आणि शेजारी बसण्याचं काम दाराबाहेरच्या बाकावर राहिलं. मी त्या बाकावरचं काम आत घेऊन जाते. आणि जिच्यासाठी बाकावरही कुणी नाही तिच्याकडे आधी जावंसं वाटतं, ती कोरियन असो की छत्तीसगडमधल्या कोरबाची.

डॉ_कात्रज

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. जुन्या काळाबद्दल फार हळवं होऊ नये एवढं आधी सांगते, तेव्हा घरोघरी बाळंतपणात बाई गेली हे ऐकू यायचं. महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. हे बहुतांशी रक्त, औषधं, वेळेवर केलेलं सिझर यामुळे.

पण सोबतीचा परिणामही खरा आहे. १९८० मध्ये ग्वाटेमालातला एक अभ्यास आला होता, तिथल्या गर्दीच्या सरकारी हॉस्पिटलात काही बायकांजवळ फक्त एक बाई बसवली. नात्यातली नाही, ओळखीची नाही, प्रशिक्षित नाही. ज्यांच्यात काही गुंतागुंत झाली नाही अशा ४० जणींचा हिशेब केला तर भरती झाल्यापासून बाळ होईपर्यंत एकट्या बायकांना सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८. अभ्यास लहान होता, पण पुढे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासतात तो) २६ चाचण्या आणि १५,००० हून जास्त बायका एकत्र पाहिल्या, तिथेही सोबत असेल तर नॉर्मल बाळंतपणं जास्त, सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी असंच निघालं. आपल्याकडे खाजगी हॉस्पिटलातल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होतात (२०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), त्यामुळे मला तरी ही सोबत हवी आहे.

आता माझी तक्रार, डूलांबद्दल नाही, एकूणच. परभाषिक बाई असली की आम्ही नवऱ्याशी बोलतो. मी विचारते, बाळाचे ठोके कमी होतायत, व्हॅक्यूम (बाळ ओढून बाहेर काढायचं साधन) लावावा लागेल, तिला सांगा. तो तिच्याकडे न बघता म्हणतो, यस डॉक्टर, ओके. तिला विचारलंच नाही कुणी. मी हे खूपदा होऊ दिलंय. आता मी म्हणते, तिला विचारा, आणि तिचं तोंड हललेलं मला दिसू द्या. ऑपरेशनची संमती असेल तर फोनवर नीट भाषा येणारं माणूस घ्यावं, डूलाने अर्धवट येणाऱ्या भाषेत ते भाषांतर करू नये, चुकलं तर फार महागात पडतं. आधीच तिच्या भाषेत पाच-सहा गोष्टी लिहून घ्याव्यात. डोकं फार दुखतंय. डोळ्यापुढे अंधारी येतेय. रक्त जातंय. बाळ हलत नाहीये. श्वास लागतोय. कागदावर बोट ठेवलं तरी आम्हाला कळतं.

दुसरं म्हणजे गप्प बाई. ओरडणारीकडे लक्ष जातं, गप्प असलेली मागे पडते. माझी एक पेशंट, पूर्व आशियातली, फोनवर काहीतरी वाचत पडली होती, चेहरा शांत, आम्हाला वाटलं गर्भपिशवीचं तोंड अजून चार-पाच सेंटिमीटरच उघडलं असेल. आतून तपासलं तर नऊ, म्हणजे जवळजवळ पूर्ण. तोंडाकडे बघू नका, पायाची बोटं बघा, कळेत वळतात का. वरच्या ओठावर घाम, मांड्यांना कापरं, अचानक उलटी. ही लक्षणं कुठल्याही देशाच्या बाईत सारखीच.

जावई_सोलचा

बायकांच्या धाग्यात लिहू का असं वाटत होतं, पण लिहितो. माझी बायको कोरियन, आम्ही बालेवाडीत राहतो, मुलगा दीड वर्षाचा आहे.

बाळंतपणापेक्षा नंतरचे दिवस अवघड गेले. माझी आई डिंकाचे आणि अहळिवाचे लाडू, शेपा, बाळंतकाढा, शेगडी सगळं घेऊन आली. सासूबाई सोलहून बॅग भरून वाळवलेलं समुद्री शेवाळ घेऊन आल्या, त्याचं सूप करतात, मियोकगुक, तिकडे बाळंतिणीला रोज तेच, कितीतरी दिवस. दोघी एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या आणि दोघींना वाटत होतं की माझं नाही खाल्लं तर मुलीची कंबर धरेल. बायको दोघींचं मन राखायला दोन्ही खायची आणि रात्री तिचं पोट दुखायचं.

त्यात बारसं. आईने बाराव्या दिवशी चाळीस माणसं बोलावली होती. कोरियात एकवीस दिवस बाहेरचं माणूस बाळाजवळ येत नाही, पूर्वी दाराला गवताच्या पेंढ्याची दोरी बांधायचे. सासूबाईंनी मला एका कोपऱ्यात नेऊन इतकं कळवळून सांगितलं की मला भाषांतराची गरजच पडली नाही.

आमच्या डूलाने दोघींना एकत्र बसवून माझ्या बायकोला विचारलं, तुला काय पाहिजे. तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती म्हणाली सकाळी सूप, संध्याकाळी लाडू अर्धा, शेगडी नको, तेलाचं मालिश पाहिजे. बारसं पंचविसाव्या दिवशी केलं. आईला आधी वाईट वाटलं, पण पाळणा तिनेच म्हटला आणि सासूबाईंनी तो फोनवर रेकॉर्ड करून नेला.

रानजाई

@अंगणातली_तुळस, हो, भेटले. दोन वर्षांनी तिनेच बोलावलं, दुसऱ्या वेळी. मी फोनवरच माफी मागितली तर ती म्हणाली, म्हणूनच तर तुला बोलावलं, तुला आता माहीत आहे.

यावेळी मी घरी जाऊन तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, आई फार बोलत नाही, माझ्या केसांची वेणी घालत बसते. सुटते, परत घालते. मग आम्ही तिच्या आईकडून व्हॉइस मेसेज मागवले, तिकडे नेट कधी असतं कधी नसतं म्हणून आधीच, दहा-बारा छोटे छोटे. आईने काय म्हटलंय ते मी भाषांतर करून घेतलं नाही, ते त्या दोघींचं. मला एवढंच कळायचं की प्रत्येकाच्या शेवटी दुख्तरम येतं, म्हणजे माझी मुलगी.

त्या रात्री स्पीकर नव्हता, फोन तिच्या उशीखाली. मी वेणी घालत होते. मला नीट येत नाही, माझे स्वतःचे केस आयुष्यभर बारीक कापलेले, पण जमेल तशी घातली. तिचे ओठ हलत होते, मी तोंड बंद ठेवलं. शेवटी शेवटी ती थरथरायला लागली, नको नको म्हणायला लागली, तो टप्पा सगळ्यांचा येतो, आणि तेव्हा तिने स्वतःच बोटाने उशी दाखवली. मी मेसेज लावला. खांदे खाली आले. चौथ्या मेसेजला बाळाचं डोकं दिसलं.

बाळ पुसून तिच्या छातीवर दिल्यावर नवऱ्याने उजव्या कानात अजान म्हटली, सिस्टर तेवढा वेळ थांबल्या, वजनाची घाई केली नाही, त्यांचे मी आभार मानले. सहाव्या रात्री त्यांच्यात जेवण असतं, शब-ए-शश, बाळाचं नाव ठेवतात. मला बोलावलं होतं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, कोरा कागद आणि पेन ठेवतात. चुलत बहिणीने ते सगळ्यांना दरीत सांगितलं आणि मग बराच वेळ सगळ्या बायका बाळाच्या कपाळाकडे बघत बसल्या.

जुनी_पानं

पुण्यातला धागा आहे म्हणून आठवलं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये अमेरिकेला जायच्या आधी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजात त्यांनी भाषण केलं, त्यात हिंदू बायकांना हिंदू स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे ते सांगितलं होतं. दुखण्यात बाईला आपलं माणूस लागतं हे त्यांनी भोगलेलं होतं. आणि १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांच्या प्रबंधाचा विषय काय, तर आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. तिथल्या लोकांसमोर आपल्याकडच्या बाळंतपणाबद्दल मांडणी केली. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, एकविसाव्या वर्षी. प्रत्यक्ष काम करायला मिळालंच नाही. मला हे नेहमी फार लागतं.

वाघोलीकरीण

मी डूलाही नाही आणि नर्सही नाही. आमच्या मागच्या बिल्डिंगचं काम चालू आहे तिथे एक ओडिशाची मुलगी आहे, आठवा सरत आलाय. माझ्याकडे पाणी भरायला येते. घरात बाई माणूस कुणी नाही, नवरा आणि दीर. मी काय करू शकते? दोन बाळंतपणं माझी झालीत एवढीच पात्रता.

रानजाई

पुष्कळ करू शकता. सिस्टर मावशींनी लिहिलेल्या नियमात तुम्ही बसता, आणि ती सोळाची नणंद बसत नाही. आधी तिचं दवाखान्यातलं गरोदरपणाचं कार्ड काढलंय का बघा, नसेल तर जवळच्या आशाताईंना गाठा, रक्ताची तपासणी, बीपी झालंय का. कुठल्या दवाखान्यात जायचं ते आत्ताच ठरवा आणि तिच्यासोबत एकदा नुसतं जाऊन या, गेट कुठलं, रात्री कुठून आत सोडतात. १०८ हा अँब्युलन्सचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये. डॉक्टरांनी लिहिलेली ती पाच वाक्यं ओडियात लिहून घ्या, दिराला लिहिता येत असेल तर त्याच्याकडून. वेळ आली की तिथल्या सिस्टरना नमस्कार करून सांगा मी सोबतीला आलेय, मध्ये येणार नाही. आणि तो प्रश्न विचारा. तुमची शेगडी, तुमचा शेपा, ते नंतर. आधी विचारा.

सिस्टर_मावशी

आणि पायात मोजे घेऊन जा. जपानच्या ताईंचं बरोबर आहे, लेबर रूम गार असते.

वाघोलीकरीण

आज दुपारी विचारलं. आधी लाजून काही सांगेना. मग म्हणाली घरी असते तर मोठी जाऊ असती, ती मागून धरून बसते, तिच्या छातीवर पाठ टेकायची, आणि कंबरेला गरम तेल. मी खोबरेल गरम करून आणलं तर तिने हातावर घेतलं, वास घेतला आणि मान हलवली, हे नाही. मग दुकानात घेऊन गेले तिला, तिनेच बाटल्यांची झाकणं उघडून वास घेतला. मोहरीचं. ते आणून ठेवलंय, तुमच्याकडेच ठेवा म्हणाली. पाठ टेकून कसं बसायचं तेही करून बघितलं आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर, माझी पाठ भिंतीला आणि ती माझ्या पुढ्यात. बाळ लाथा मारत होतं, माझ्या हाताला लागत होतं. ती तशीच झोपून गेली, वीसेक मिनिटं, मी हललेच नाही.